पानिपतातून परतलेले चेहरे

पानिपत शहराजवळ काला आंब येथे १४ जानेवारी १७६१ च्या लढाईचा स्मारकस्तंभ आहे. त्या लढाईत बळी गेलेल्या सदाशिवरावभाऊ, विश्वासराव, जनकोजी शिंदे, तुकोजी शिंदे यांच्या चर्येची कल्पना मराठी वाचकाला बखरींच्या वर्णनांवरून आणि देशी पद्धतीच्या तसबिरींवरून करावी लागते. त्याच रणांगणातून जीव वाचवून परतलेल्या दोन माणसांचे चेहरे मात्र बारीकसारीक रेषांसह पाहायला मिळतात, कारण एकतीस वर्षांनंतर पुण्यात एका ब्रिटिश चित्रकाराने त्यांना समोर बसवून त्यांची तैलचित्रे काढली. ती दोन माणसे म्हणजे नाना फडणवीस आणि महादजी शिंदे, आणि तो चित्रकार जेम्स वेल्स. पानिपतात जे गेले त्यांच्या वाट्याला असे चित्र येणे शक्यच नव्हते, कारण भारतात येऊन व्यवसाय करणारा पहिला ब्रिटिश व्यक्तिचित्रकार मानला जाणारा टिली केटल येथे पोहोचला तोच मुळी १७६० च्या दशकाच्या अखेरीस.

हे चित्रकार एवढा लांबचा प्रवास करून येथे का येत, याचे उत्तर लंडनमध्ये सापडते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे व्यक्तिचित्रण हा भरभराटीचा धंदा झाला होता. सरदार, व्यापारी, नट्या, आरमारी अधिकारी असे सारे आपापले चित्र काढून घेत आणि जोशुआ रेनॉल्ड्स, टॉमस गेन्सबरो, जॉर्ज रॉमनी यांच्या चित्रशाळांमध्ये गिऱ्हाइकांची रीघ लागे. १७६८ मध्ये रॉयल अकॅडमी ही कलावंतांची संस्था स्थापन झाली आणि रेनॉल्ड्स तिचा पहिला अध्यक्ष झाला. पण बाजार जेवढा मोठा तेवढीच चढाओढ तीव्र, त्यामुळे पहिल्या फळीत जागा न मिळालेल्यांना ईस्ट इंडिया कंपनीच्या अधिकाऱ्यांचा आणि हिंदुस्थानी दरबारांचा पैसा खुणावू लागला. टिली केटलनंतर योहान झोफनी, टॉमस हिकी, रॉबर्ट होम असे अनेक जण त्याच आशेने आले आणि त्यांतले बहुतेक मद्रास, कलकत्ता व लखनौ या वाटेने गेले. पुण्याकडे वळलेला वेल्स त्यामुळे वेगळा ठरतो.

वेल्स इंग्रज नव्हे, स्कॉटिश. स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील पीटरहेड गावी १७४७ मध्ये त्याचा जन्म झाला आणि शिक्षण ॲबर्डीनच्या मारिशाल कॉलेजात झाले, परंतु चित्रकलेत तो बऱ्याच अंशी स्वतःच्याच प्रयत्नाने शिकलेला होता. लंडनच्या प्रदर्शनांत त्याची चित्रे लागली खरी, पण नाव असे झाले नाही. चाळिशी उलटल्यावर कंपनीची परवानगी मिळवून १७९१ मध्ये तो मुंबईत उतरला. मुंबई बेटाची आणि आसपासच्या प्रदेशाची दृश्ये त्याने काढली आणि ती पुढे छापील चित्रसंचाच्या रूपाने प्रसिद्धही झाली, तरी त्याचे नशीब उघडले ते घाट चढून पुण्याला आल्यावर.

पुण्यात त्याला आश्रयदाता मिळाला तो चार्ल्स वॉर मॅलेट. मॅलेट हा पेशव्यांच्या दरबारातील कंपनीचा रेसिडेंट, म्हणजे कायम मुक्कामी असणारा वकील. मुळा आणि मुठा यांच्या संगमावर त्याचा बंगला होता. १७९० मध्ये टिपूविरुद्ध पेशवे आणि कंपनी यांचा जो तह झाला तो घडवून आणणे ही मॅलेटच्या कारकिर्दीतील सर्वांत मोठी कामगिरी, आणि ती एका भव्य दरबारचित्रात कायम करावी अशी त्याची इच्छा होती. वेल्सला पेशव्यांच्या वाड्यात प्रवेश मिळाला तो या इच्छेमुळे. कलेच्या इतिहासात आश्रयदात्याच्या हेतूला दुय्यम मानण्याची प्रथा आहे, पण येथे तसे करून चालणार नाही, कारण ज्यांचे चेहरे वेल्सने टिपले ते सारे मॅलेटच्या रोजच्या राजकारणातले मोहरे होते.

या बैठकांमध्ये मराठी माणसांसमोर जे नवे तंत्र आले ते थोडे समजून घेतले पाहिजे. दख्खनी आणि मराठी परंपरेतील व्यक्तिचित्र बहुधा कागदावर, गोंदात कालवलेल्या रंगांनी काढलेले असे. त्यात चेहरा एका बाजूने दाखवला जाई आणि एकच डोळा दिसत असल्यामुळे अशा चित्राला एकचश्मी म्हणत. ओळख पटते ती नाक-कपाळाच्या रेषेवरून, पगडीच्या घाटावरून आणि दागिन्यांवरून. युरोपीय पद्धतीत कापडाचा ताणलेला पट असतो, रंग जवसाच्या तेलात घोटलेले असतात, आणि तेल सावकाश वाळत असल्यामुळे ओल्या रंगात रंग मिसळून गालावरचा उजेड सावलीत हळूहळू विरत नेता येतो. चेहरा थोडा वळवून दोन्ही डोळे दाखवले जातात. एकाच बैठकीत काम होत नाही. पहिल्या बैठकीत आकार आणि ठेवण पकडली जाते, मग एका थरावर दुसरा थर चढवत मांसल रंग आणला जातो, आणि पोशाखाचे काम बसणारी व्यक्ती समोर नसतानाही उरकता येते. दरबारी माणसाच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की एका परक्या माणसासमोर वारंवार, बराच वेळ स्तब्ध बसायचे आणि त्याला आपल्याकडे टक लावून पाहू द्यायचे. ज्या दरबारात कोणी कोणाकडे किती वेळ पाहावे यालाही रीत होती, तेथे ही गोष्ट लहान नव्हती.

वेल्सचे सर्वांत प्रसिद्ध पुणेरी चित्र १७९२ सालचे असून ते आज लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीकडे आहे. त्यात तरुण सवाई माधवराव पेशवे मोत्यांच्या अलंकारांसह पांढऱ्या वस्त्रांत बसलेले आहेत, जवळ नाना फडणवीस आहेत आणि मागे सेवक उभे आहेत. चित्रात मान पेशव्यांचा आहे, पण पाहणाऱ्याची नजर नानांवर खिळते. लांबट, कृश चेहरा, ताठ नाक, आत गेलेले गाल आणि कसलाही उल्हास नसलेली मुद्रा असे हे पन्नाशीचे नाना आहेत. अठरा वर्षांच्या पेशव्याचा चेहरा मात्र गुळगुळीत आहे. पुरंदरावर १८ एप्रिल १७७४ रोजी जन्मलेल्या आणि जन्मापूर्वीच बापाच्या खुनामुळे पोरका झालेल्या या मुलाच्या नावाने राज्य चालत होते आणि ते चालवीत होते नाना. तो संबंध चित्रकाराने शब्दाविना मांडला असे म्हणता येते. तो त्याने जाणून मांडला की समोर जे दिसले ते प्रामाणिकपणे उतरवल्यामुळे तो आपोआप उमटला, हा प्रश्न उरतो. दुसरी शक्यता अधिक जवळची वाटते, कारण वेल्स हा कल्पकतेपेक्षा निरीक्षणावर चालणारा चित्रकार होता.

नानांच्या त्या मुद्रेमागे पानिपत होते. १२ फेब्रुवारी १७४२ रोजी जन्मलेले नाना लढाईच्या दिवशी एकोणीस वर्षांचेही नव्हते. यात्रेच्या हेतूने आई आणि पत्नीसह ते भाऊसाहेबांच्या लष्कराबरोबर उत्तरेत गेले होते. विश्वासराव पडले, भाऊसाहेब गर्दीत दिसेनासे झाले आणि फौज फुटली तेव्हा अंगावरची वस्त्रे टाकून हा मुलगा पायी निघाला आणि हालअपेष्टा सोशीत रेवाडीकडे गेला. पत्नी पुढे परत मिळाली, आई मात्र मिळाली नाही. ही हकिकत त्यांनी आपल्या त्रोटक आत्मचरित्रात स्वतःच लिहून ठेवली आहे, आणि अठराव्या शतकातील मराठी माणसाने स्वतःविषयी इतक्या उघडपणे लिहिल्याची उदाहरणे विरळा असल्यामुळे त्या काही पानांचे मोल फार आहे. त्यात स्वतःच्या शौर्याचा डौल नाही, भीती लपवलेली नाही. राज्यकारभारात पुढे दिसणारी त्यांची अतिसावध वृत्ती, बातमीदारांचे जाळे, कोणावरही पुरता विश्वास न टाकण्याची सवय यांचे मूळ त्या पायपिटीत शोधण्याचा मोह अभ्यासकांना होतो आणि तो अगदीच निराधार म्हणता येणार नाही.

महादजी शिंद्यांची गोष्ट निराळी. लढाईच्या आदल्या वर्षी त्यांचे बंधू दत्ताजी बुराडी घाटावर पडले होते आणि पानिपतावर तर शिंद्यांचे घराणे जवळजवळ संपले. पळताना एका अफगाण स्वाराने महादजींचा दूरवर पाठलाग केला, पायावर घाव घातला आणि मेला समजून सोडून दिले. राणेखान नावाच्या एका भिश्त्याने, म्हणजे पखालीने पाणी वाहणाऱ्या माणसाने, त्यांना उचलून बैलावर घातले आणि दक्षिणेच्या वाटेला लावले. हा राणेखान पुढे महादजींचा भाऊ मानला गेला आणि मोठा सेनानी झाला. पायाचे अधूपण महादजींना जन्मभर पुरले. आपण दख्खनी घोडीवर होतो आणि मागचा पठाण साध्या चालीच्या घोडीवर, तरी तो मागे पडेना आणि पुढे झोपेतही तो दिसे, असे महादजी सांगत असल्याची नोंद जॉन माल्कमने मध्य हिंदुस्थानावरील आपल्या ग्रंथात केली आहे.

१७९२ च्या पावसाळ्याच्या तोंडावर हे महादजी पुण्यास आले तेव्हा दिल्लीच्या बादशाहीचे सूत्रधार झाले होते. बादशहा शाह आलमने पेशव्यांना दिलेल्या वकील-इ-मुतलक, म्हणजे सर्वाधिकारी प्रतिनिधी, या पदाचे फर्मान आणि वस्त्रे त्यांनी बरोबर आणली होती. नानांना हा समारंभ मनातून नको होता, महादजींनी तो थाटात पार पाडला आणि दोघांमधली तेढ साऱ्या पुण्याला दिसू लागली. नेमक्या याच काळात वेल्सने महादजींचेही चित्र काढले. पानिपतातून वाचलेले दोन प्रतिस्पर्धी एकाच चित्रकारासमोर बसले आणि दोघांच्या चेहऱ्यांचा अभ्यास अखेर मॅलेटच्या उपयोगी पडला. १२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडी येथे महादजी वारले.

वेल्ससमोर बसलेल्यांत दरबाराबाहेरचीही माणसे होती. मॅलेटची सहचारिणी अंबर कौर हिचे चित्र त्याने काढले. कंपनीच्या अधिकाऱ्यांच्या घरात राहिलेल्या अशा स्त्रियांचा कागदोपत्री उल्लेख बहुधा ओझरताच येतो, त्यामुळे नावासह असलेले तिचे चित्र हा दुर्मीळ पुरावा आहे.

पुण्यातल्या वास्तव्याचा दुसरा परिणाम गंगाराम चिंतामण नवगिरे तांबट या पुणेकर कलावंताच्या कामात दिसतो. वेल्स येण्यापूर्वीच गंगाराम मॅलेटसाठी रेखाटने करीत असे. पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंड्याचे त्याचे चित्र १७९० चे आहे आणि वेरूळच्या लेण्यांची त्याची रेखाटने मॅलेटच्या लेखनाला आधार झाली. मॅलेटच्या खटपटीने शनिवारवाड्यात चित्रशाळा निघाली आणि तेथे वेल्सच्या हाताखाली गंगाराम तयार झाला, असे मराठी इतिहासलेखनात परंपरेने सांगितले जाते. पण गंगारामाच्या कागदांकडे पाहता तो केवळ शिष्य वाटत नाही. डोंगरातल्या कोरीव खांबांचे माप आणि प्राण्याच्या कातडीच्या वळ्या यांकडे पाहण्याची त्याची दृष्टी स्वतःची आहे. त्याची आणि वेल्सची बरीचशी रेखाटने आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहेत.

व्यक्तिचित्रांपेक्षाही लेण्यांनी वेल्सला झपाटले होते. १७९३ मध्ये टॉमस आणि विल्यम डॅनियल हे निसर्गचित्रकार काका-पुतणे मुंबईला आले तेव्हा तो त्यांना घारापुरी, कान्हेरी, कार्ले येथे घेऊन गेला आणि १७९५ मध्ये वेरूळला जाऊन आला. लेण्यांच्या ओलसर, दमट हवेत काम करतानाच त्याला ताप जडला असे मानतात. त्या वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस सवाई माधवराव शनिवारवाड्याच्या सज्जावरून कोसळून मरण पावले, आणि नोव्हेंबरमध्ये वेल्सही वारला. दरबारचित्र अपुरे राहिले.

मॅलेटने वेल्सची रेखाटने इंग्लंडला नेली आणि ते काम टॉमस डॅनियलकडे सोपवले. वेरूळच्या रेखाटनांवरून तयार केलेला चित्रसंग्रह १८०३ मध्ये लंडनला निघाला आणि दरबारचित्र १८०५ मध्ये पुरे झाले. ते आता टेट या संग्रहालयात आहे. या चित्रातली गंमत अशी की १७९० च्या त्या दरबारात ना वेल्स हजर होता ना डॅनियल. वेल्स हिंदुस्थानात आला तो वर्षभराने आणि डॅनियल त्या वेळी उत्तर हिंदुस्थानात होता. निरनिराळ्या वेळी, निरनिराळ्या बैठकांत टिपलेले चेहरे एका महालात एकत्र बसवून तो प्रसंग रचला गेला आहे. समारंभाचा पुरावा म्हणून ते चित्र वापरताना सावध राहावे लागते. चेहऱ्यांचा पुरावा म्हणून त्यावर बराच भरवसा ठेवता येतो.

मॅलेटने १७९९ मध्ये वेल्सची मुलगी सुसाना हिच्याशी लग्न केले. त्यांच्या मुलांपैकी ह्यू मॅलेट मुंबई इलाख्यात नोकरीला आला, ठाण्याचा कलेक्टर झाला आणि १८५० मध्ये त्याने माथेरानचा डोंगर हवा खाण्याचे ठिकाण म्हणून पुढे आणला. शनिवारवाडा १८२८ च्या आगीत जळाला आणि त्याच्या भिंतींवर, दिवाणखान्यांत जे काही रंगवलेले होते ते त्यात गेले. पेशव्यांच्या पुण्याचे जे चेहरे आगीतून सुटले त्यांत वेल्सची चित्रे आहेत, कारण ती आधीच परदेशी गेली होती. आणि पाठ्यपुस्तकांत, दिनदर्शिकांत नानांची जी कृश मुद्रा पुन्हा पुन्हा छापली जाते, तिच्यामागे पीटरहेडच्या या चित्रकाराचाच नमुना आहे.