पाठांतराचे वय

सरकारी शाळांतील सामुदायिक प्रार्थना व बायबलचे वाचन अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६२ आणि १९६३ च्या निकालांन्वये घटनाबाह्य ठरवल्यानंतर, ज्यांना आपल्या मुलांच्या शिक्षणात धर्माला स्थान हवे होते अशा अनेक प्रॉटेस्टंट पालकांनी स्वखर्चाने शाळा काढल्या; दक्षिणेकडील कित्येक शाळांच्या मुळाशी मात्र धर्मनिष्ठेपेक्षा कृष्णवर्णीय मुलांशेजारी आपले मूल बसू नये ही इच्छाच अधिक प्रबळ होती, हेही त्या इतिहासाच्या दप्तरात नमूद आहे. या शाळांतील जो एक संप्रदाय स्वतःस 'अभिजात' म्हणवतो, त्याच्या चौथी ते सहावीच्या वर्गांचा अभ्यासक्रम विशेष कुतूहलाचा आहे.

रहस्यकथांमुळे ख्यातनाम झालेल्या डॉरोथी सेयर्स या इंग्रज विदुषीने १९४७ साली ऑक्सफर्ड येथे दिलेल्या व्याख्यानात, व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व या मध्ययुगीन त्रिविद्येचा क्रम मुलाच्या वाढीच्या तीन अवस्थांशी जुळवून दाखवला आणि पहिल्या अवस्थेला पोपटाचे नाव दिले. या वयात घोकणे हे ओझे नसून क्रीडाच असते, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९८१ साली आयडाहो राज्यातील मॉस्को नावाच्या गावी निघालेल्या लोगोस शाळेने हा विचार अंमलात आणला आणि पुढे तिचे अनुकरण अनेक ठिकाणी झाले.

अशा शाळेत नऊ-दहा वर्षांची मुले लॅटिन क्रियापदांची रूपे तालावर म्हणतात, बायबलच्या सहासष्ट ग्रंथांची नावे अनुक्रमाने सांगतात, स्तोत्रे मुखोद्गत करतात आणि इंग्रजी वाक्याचे पृथक्करण फळ्यावर रेषा आखून मांडतात. आपल्या पंतोजींच्या शाळेत पावकी-निमकीचा जो सामुदायिक घोष चाले, त्याची आठवण येथे झाल्याशिवाय राहत नाही, आणि पाठांतराची सरसकट हेटाळणी करणाऱ्या आधुनिक शिक्षणशास्त्रज्ञांपेक्षा मला या बाबतीत सेयर्सबाईंचेच म्हणणे अधिक पटते.

परंतु या शिक्षणाचा खरा स्वभाव प्रकट होतो तो इतिहासाच्या तासाला. धर्मशिक्षण हा येथे वेळापत्रकातील एक निराळा रकाना नसतो. सर्व विषय एकाच सूत्रात ओवलेले असतात. प्रचलित असलेल्या एका क्रमानुसार दुसरीत जुना करार आणि मिसर देश, तिसरीत नवा करार, ग्रीस व रोम, चौथीत मध्ययुग, प्रबोधन आणि धर्मसुधारणा, पाचवीत सागरी सफरींपासून १८१५ पर्यंतचा काळ आणि सहावीत तेथून आजपर्यंतचा, असा प्रवास होतो. मोशे आणि मिसरचे फेरो, येशू आणि रोमन कैसर एकाच कालपटावर वावरतात, आणि घटनांचा अनुक्रम गाण्यातून पाठ होतो. कालक्रमाची इतकी पक्की बैठक अन्य शाळांतील मुलांना क्वचितच लाभते. तथापि या पटावर भारत किंवा चीन यांना स्वतःचे असे घर नाही. मुलांसाठी लिहिलेल्या मिशनऱ्यांच्या चरित्रांत विल्यम केरी आवर्जून भेटतात (बंगालमधील श्रीरामपुरास राहून १८०५ साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध करणारे तेच हे केरी), आणि भारताचा प्रवेश मुलाच्या मनात होतो तो बहुधा या दारातून. त्या दारापलीकडे आधीपासून नांदणाऱ्या संस्कृतीचा दाखला देण्याची सवड अभ्यासक्रमाला नसते.

विज्ञानात सर्व ख्रिस्ती शाळा एका मताच्या नाहीत. काही इव्हँजेलिकल पाठ्यपुस्तके पृथ्वीचे वय काही हजार वर्षांचेच मानतात. कॅथलिक शाळांत मात्र उत्क्रांती शिकवली जाते, कारण त्या विषयाच्या अभ्यासास पोप बारावे पायस यांनी १९५० सालीच मुभा दिली होती.

सातवीच्या सुमारास तर्कशास्त्राचा आरंभ होतो. हेत्वाभास ओळखू लागलेली मुले तोच निकष आपल्या मुखोद्गत कालपटाला लावू लागली, तर शिक्षकांस तक्रार करण्यास जागा नाही; कारण उलट उत्तर देणे आणि वडीलधाऱ्यांना शब्दांत पकडणे हे त्या दुसऱ्या अवस्थेचे लक्षणच आहे, असे सेयर्सबाई त्याच व्याख्यानात सांगून गेल्या आहेत.