गुणफलकावर न दिसणारा खेळ उलगडणारा आवाज : रॉबिन सिंग यांची मैदानापासून स्टुडिओपर्यंतची वाटचाल

बेंगळुरू : येथील श्री कंठीरवा स्टेडियमवर १२ नोव्हेंबर २०१५ रोजी झालेल्या विश्वचषक पात्रता सामन्यात भारताने गुआमचा १-० असा पराभव केला. दहाव्या मिनिटाला नोंदवला गेलेला तो एकमेव गोल रॉबिन सिंग यांचा होता. त्या फेरीत भारताने आठ सामने खेळले आणि त्यांपैकी सात गमावले. भारताच्या खात्यात जमा झालेला एकमेव विजय हाच. तो गोल करणारा उंचापुरा आघाडीपटू पुढे दूरचित्रवाणीवर फुटबॉलचा विश्लेषक म्हणून प्रेक्षकांच्या परिचयाचा झाला.

हा बदल कसा घडतो आणि भारतीय फुटबॉलला त्याचे महत्त्व का आहे, हे समजून घेण्यासाठी रॉबिन यांची कारकीर्द उपयुक्त ठरते.

बेंगळुरूशी जडलेले नाते

९ मे १९९० रोजी नोएडा येथे जन्मलेले रॉबिन जमशेदपूरच्या टाटा फुटबॉल अकादमीत घडले. कोलकात्याच्या ईस्ट बंगाल क्लबकडून खेळत असताना त्यांनी राष्ट्रीय संघात प्रवेश मिळवला. २०१२ मध्ये दिल्लीत नेहरू चषक जिंकणाऱ्या भारतीय संघात त्यांचा समावेश होता.

२०१३ मध्ये जेएसडब्ल्यू समूहाने बेंगळुरू एफसी हा नवा क्लब स्थापन केला. प्रशिक्षक अ‍ॅश्ली वेस्टवूड यांनी निवडलेल्या पहिल्या संघात सुनील छेत्री यांच्याबरोबर रॉबिनही होते. या नवख्या क्लबने पदार्पणातच आय-लीगचे विजेतेपद पटकावले. गुडघ्याच्या दुखापतीमुळे त्या हंगामाचा मोठा भाग रॉबिन यांना मात्र मैदानाबाहेर बसून काढावा लागला. पुढील हंगामात ते परतले आणि क्लबने फेडरेशन चषकही जिंकला. गुआमविरुद्धच्या सामन्यापर्यंत त्यांनी बेंगळुरू सोडले होते, पण तो निर्णायक गोल झाला तो जुन्या घरच्याच मैदानावर.

त्यानंतर दिल्ली, गोवा, कोलकाता आणि पुणे असा त्यांचा प्रवास झाला. २०१९ मध्ये एफसी पुणे सिटी हा क्लब बंद पडला. त्याची जागा घेणाऱ्या हैदराबाद एफसीकडून खेळताना रॉबिन यांनी २९ नोव्हेंबर २०१९ रोजी बेंगळुरूविरुद्ध भरपाई वेळेत गोल करून सामना १-१ असा बरोबरीत सोडवला. बेंगळुरूचा गोल छेत्री यांनी केला होता.

गोलांपलीकडचे काम

छेत्री यांच्या नावावर विक्रमी गोलसंख्या आहे. रॉबिन यांची कारकीर्द त्या मोजपट्टीने मोजता येत नाही. गोलकडे पाठ करून उभे राहायचे, मागून आलेला उंच चेंडू छातीवर किंवा डोक्यावर झेलायचा, अंगावर आलेल्या बचावपटूला थोपवून धरायचे आणि धावत येणाऱ्या सहकाऱ्याकडे चेंडू सोपवायचा, ही अशा आघाडीपटूची भूमिका. त्यातून झालेल्या गोलाचे श्रेय बहुधा दुसऱ्याला मिळते. गुणफलक फक्त शेवटचा स्पर्श नोंदवतो.

विश्लेषकाचे काम नेमके येथूनच सुरू होते. चेंडू जाळ्यात गेल्याचे प्रेक्षकाला दिसतेच. त्याआधी दहा सेकंद एका खेळाडूने दोन बचावपटूंना आपल्यामागे ओढून नेले आणि म्हणून जागा मोकळी झाली, हे कोणीतरी सांगावे लागते. हे ज्याने स्वतः केले आहे, त्याच्या सांगण्याला वजन येते.

क्रिकेटपेक्षा वेगळी कसोटी

मराठी प्रेक्षकांना खेळाडू-समालोचक नवे नाहीत. सुनील गावसकर, रवी शास्त्री, संजय मांजरेकर यांचे आवाज घरोघरी पोहोचले आहेत. पण क्रिकेटमध्ये दोन चेंडूंमध्ये आणि दोन षटकांमध्ये बोलायला उसंत मिळते. फुटबॉलमध्ये ४५ मिनिटे खेळ जवळजवळ अखंड सुरू असतो.

म्हणूनच कामाची विभागणी केली जाते. मुख्य समालोचक चेंडू कोणाकडे आहे ते सांगत राहतो. माजी खेळाडू चेंडू बाहेर गेला किंवा खेळ थांबला की दोन-तीन वाक्यांत कारण स्पष्ट करतो. मध्यंतराच्या पंधरा मिनिटांत जाहिराती वगळून उरणाऱ्या वेळेत ४५ मिनिटांचा अर्थ लावायचा असतो. अनेकदा ही मंडळी मैदानात नसतातच. ती स्टुडिओतल्या पडद्याकडे पाहून बोलतात आणि कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर काय चालले असेल, याचा अंदाज त्यांना अनुभवानेच बांधावा लागतो. कालपर्यंत ज्यांच्याबरोबर खेळलो, त्यांच्या चुका जाहीरपणे दाखवण्याचा अवघडलेपणाही पेलावा लागतो.

भाषेचा प्रश्नही आहेच. इंडियन सुपर लीगचे समालोचन इंग्रजीबरोबरच हिंदी, बंगाली आणि मल्याळम भाषांतही झाले आहे. फुटबॉल जाणणारा आणि प्रेक्षकाच्या भाषेत सहज बोलणारा माणूस मिळणे सोपे नाही.

आवाज टिकणार कसा?

खेळाडूप्रमाणे विश्लेषकाचे कामही सामन्यांवर अवलंबून असते. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०१० मध्ये व्यावसायिक हक्कांबाबत केलेल्या १५ वर्षांच्या कराराची मुदत डिसेंबर २०२५ मध्ये संपली. त्यापूर्वीच, जुलै २०२५ मध्ये, अनिश्चिततेमुळे इंडियन सुपर लीगचा हंगाम स्थगित ठेवण्यात आला. ऑगस्टमध्ये बेंगळुरू एफसीने मुख्य संघाचे वेतन थांबवत असल्याचे जाहीर केले. अखेर जानेवारी २०२६ मध्ये केंद्रीय क्रीडामंत्री मनसुख मांडविया यांनी १४ फेब्रुवारीपासून लीग सुरू होईल, अशी घोषणा केली.

लीग थांबली की मैदानावरील खेळाडूचे वेतन अडचणीत येतेच, शिवाय त्याच खेळाडूची निवृत्तीनंतरची वाटही अरुंद होते. युरोपातील सामने भारतात दिसत राहतील आणि त्यांचे जाणते समालोचकही त्यांच्याबरोबर येतील. परंतु कंठीरवावर दहाव्या मिनिटाला झालेल्या गोलामागे किती अपयशी सामने आणि किती दुखापती होत्या, हे सांगण्यासाठी त्या मैदानावर घाम गाळलेलाच माणूस लागतो. त्याला बोलण्यासाठी आधी येथे फुटबॉल खेळला जायला हवा.