दोन मायनस आत, एक मायनस बाहेर: वाइनमधल्या बॅक्टेरियाचं चार्जिंग

आजच्या एपिसोडमध्ये एका दरवाज्याची गोष्ट. हा दरवाजा एक ॲसिड आत घेतो, दुसरं बाहेर सोडतो, आणि एवढ्या ये-जा करण्यातून पेशीची बॅटरी चार्ज होते.

आधी जागा बघू. रेड वाइनची टाकी. यीस्टने जवळजवळ सगळी साखर संपवलीये, अल्कोहोल तयार झालंय. पीएच ३ ते ३.५, म्हणजे चांगलंच आंबट. बहुतेक बॅक्टेरिया इथे टिकतच नाहीत. पण ओइनोकॉकस ओएनी टिकतो, आणि त्याच्या मदतीला येतं मॅलिक ॲसिड. कच्चं सफरचंद खाल्ल्यावर दात आंबतात ना, ते मुख्यतः याच्यामुळेच. शेले या रसायनशास्त्रज्ञाने १७८५ मध्ये ते सफरचंदाच्या रसातूनच वेगळं केलं होतं.

बॅक्टेरिया या मॅलिक ॲसिडचं लॅक्टिक ॲसिड करतो, म्हणजे आपल्या दह्यातलं ॲसिड. सोबत कार्बन डायऑक्साइड सुटतो. याला म्हणतात मॅलोलॅक्टिक फर्मेंटेशन. वाइनचा बोचरा आंबटपणा कमी होतो, चव मऊ होते.

आता गोची बघा. पेशीचं चलन म्हणजे एटीपी. आणि या रिॲक्शनमधून थेट एकही एटीपी तयार होत नाही! कोड रिव्ह्यूमध्ये मी लगेच विचारलं असतं, "हे फंक्शन काही रिटर्नच करत नाही, मग ठेवलंय कशाला?" उत्तर असं की खरा फायदा साइड इफेक्टमध्ये आहे.

तो समजायला दह्या-चीजमधला बॅक्टेरिया घेऊ, लॅक्टोकॉकस लॅक्टिस. त्याच्या पेशीच्या पातळ आवरणात एमएलईपी नावाचं प्रोटीन बसलेलं असतं. तोच आपला दरवाजा. तो अदलाबदल करतो: बाहेरचं एक मॅलेट आत, आतलं एक लॅक्टेट बाहेर. गंमत चार्जमध्ये आहे. मॅलेटवर दोन मायनस, लॅक्टेटवर एकच. म्हणजे प्रत्येक फेरीत पेशीच्या आत एक मायनस जास्तीचा जमा होतो.

दुसरी गोष्ट. आत मॅलेटचं लॅक्टेट होताना एक प्रोटॉन खर्च होतो. प्रोटॉन म्हणजेच आंबटपणा, त्यामुळे पेशीचं आतलं वातावरण बाहेरच्यापेक्षा कमी आंबट राहतं.

आता दोन्ही जोडा. आत मायनस जास्त, प्रोटॉन कमी. बाहेरचे प्रोटॉन आत घुसायला टपलेले. धरणाच्या भिंतीमागे पाणी तुंबावं, तसं. ते एटीपी सिंथेज नावाच्या यंत्रातून आत शिरतात आणि टर्बाइनसारखं ते यंत्र फिरून एटीपी बनवतं. एका एटीपीला साधारण तीन-चार प्रोटॉन लागतात, म्हणजे तितकीच मॅलेटं. कमाई थोडी आहे, पण उपासमारीत तीही पुरते. प्रोटॉनच्या अशा दाबातून एटीपी बनतं ही कल्पना पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये मांडली. सुरुवातीला अनेकांना ती पटली नाही, पण १९७८ मध्ये त्यांना तिच्यासाठीच नोबेल मिळालं.

वाइनमधल्या ओइनोकॉकसचा हिशेब थोडा वेगळा आहे. वाइन इतकी आंबट, की तिथे बरंचसं मॅलेट एकाच मायनससह असतं. तेच आत येतं, आणि लॅक्टिक ॲसिड प्रोटॉन सोबत घेऊन, बिनचार्जचं बाहेर पडतं. निव्वळ हिशेब मात्र तोच: एक मायनस आत, एक प्रोटॉन कमी.

वाइन बनवणाऱ्याला याचं काय? बरंच काही. हे फर्मेंटेशन टाकीत पूर्ण झालं तर उत्तम. अर्धवट राहिलं आणि वाइन बाटलीत भरली, तर बॅक्टेरिया तिथे काम चालू ठेवू शकतात. मग बंद बाटलीत गॅस होतो, वाइन गढूळ होते, अख्खी बॅच वाया जाऊ शकते. म्हणून बाटली भरण्याआधी मॅलिक ॲसिड किती उरलंय ते तपासतात, आणि गरज असेल तिथे सल्फर डायऑक्साइड वापरून किंवा बारीक गाळणीतून काढून बॅक्टेरियाला थांबवतात.

तर मंडळी, पुढच्या वेळी ताक पिताना जीभ जरा आंबली, तर आठवा: या लॅक्टिक ॲसिडच्या कुटुंबातल्या बॅक्टेरियांनी नुसत्या देवाणघेवाणीवर वीज कमावायची युक्ती शोधून ठेवलीये. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!