सल्ला पुरे, प्रयोग कधी?

१९८२च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात, वॉटरफर्ड नावाच्या समुद्रकाठच्या गावी सदतीस वर्षांचा एक कवी नाटकाचं बाड घेऊन पोचला. शाळा पंधराव्या वर्षीच सुटलेली. पुढचं शिक्षण पिट्सबर्गच्या सार्वजनिक वाचनालयात आपलं आपणच केलेलं. सेंट पॉल शहरात राहून पोटासाठी तो एका सेवाभावी संस्थेत स्वयंपाक करायचा. वॉटरफर्डच्या ओनील थिएटर सेंटरने त्याच्या आधीच्या संहिता एकामागून एक साभार परत पाठवल्या होत्या. या खेपेला मात्र ‘मा रेनीज ब्लॅक बॉटम’ निवडलं गेलं. हा कवी म्हणजे ऑगस्ट विल्सन. पुढे विसाव्या शतकाच्या प्रत्येक दशकावर एक अशी दहा नाटकं त्याने लिहिली, दोन पुलित्झर मिळवले आणि २००५ साली तो गेल्यावर ब्रॉडवेवरच्या एका नाट्यगृहाला त्याचं नाव दिलं गेलं.

प्रतिभा त्याची होतीच. पण अमेरिकेत गौरेतर नाटककारांची प्रतिभा काही १९८२ साली जन्माला आलेली नव्हती. मग याच माणसाची वाट मोकळी का झाली? याचं उत्तर शोधताना लॉइड रिचर्ड्सपाशी यावं लागतं.

नाटकाची बाजू घेणारा माणूस

युरोप-अमेरिकेच्या नाट्यसंस्थांमध्ये ‘ड्रामाटर्ग’ नावाचं एक पद असतं. त्याची परंपरा १७६७ साली हॅम्बुर्गच्या राष्ट्रीय नाट्यगृहात नेमणूक झालेल्या लेसिंगपर्यंत जाते. आलेल्या संहिता वाचणं, नाटकाच्या काळाचा नि समाजाचा अभ्यास करणं, ही त्याची नेहमीची कामं. नवं नाटक असेल तर आणखी एक नाजूक काम अंगावर येतं. लेखकाच्या मनात काय होतं आणि कागदावर काय उतरलं, यातलं अंतर त्याचं त्यालाच दिसेल असं करायचं. दिग्दर्शकाला प्रयोग उभा करायचा असतो, निर्मात्याला गल्ल्याची काळजी असते; ड्रामाटर्गने बाजू घ्यायची ती नाटकाची.

रिचर्ड्सच्या दारावर ड्रामाटर्गची पाटी नव्हती, तो दिग्दर्शक. १९५९ साली लोरेन हॅन्सबेरीचं ‘अ रेझिन इन द सन’ त्याने बसवलं. ब्रॉडवेवर नाटक बसवणारा पहिला कृष्णवर्णीय दिग्दर्शक म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. ओनीलच्या नाटककार परिषदेची सूत्रं १९६८ साली त्याच्याकडे आली आणि १९९९पर्यंत त्याच्याकडेच राहिली. डेरेक वॉलकॉट, वोले सोयिंका, डेव्हिड हेन्री ह्वांग यांची नाटकं या आवारात उभी राहिली. एडिथ ऑलिव्हर आणि मार्टिन एस्लिनसारखे मुरलेले समीक्षक तिथे ड्रामाटर्ग म्हणून राबत.

कामाची रीत ठरलेली होती. निवडलेले लेखक आधी एकत्र जमत आणि प्रत्येकाने आपलं नाटक सगळ्यांसमोर स्वतः वाचायचं. नंतर उन्हाळ्यात व्यावसायिक नटांबरोबर मोजक्या दिवसांची तालीम. नेपथ्य म्हणजे ठोकळे नि चौकटी, नटांच्या हातात संहिता. लेखक रात्री बसून प्रवेश बदलायचा, की सकाळी ती पानं वेगळ्या रंगाच्या कागदावर नटांच्या हाती पडायची. प्रेक्षकांसमोर दोन प्रयोग आणि मध्ये पुन्हा लिहायला सवड. उघड चर्चा या सगळ्यानंतर. पहिल्याच प्रयोगाला लोकांनी लेखकाला घेरून ‘शेवट असा करा’ म्हणावं, याला तिथे वाव नव्हता.

गप्पा कापायच्या की नाही?

‘मा रेनी’ मुळात त्या नावाच्या गायिकेभोवती आणि रेकॉर्डिंगच्या खोलीपुरतं होतं. काही वर्षांनी विल्सनने शेजारच्या खोलीत वादकांना आणून बसवलं आणि ते चौघे जे बोलू लागले ते थांबेचनात. आठवणी, थट्टा, देवाधर्मावरून हमरीतुमरी. रूढ मोजपट्टी लावणारा वाचक सहज म्हणाला असता, ‘कथानक पुढे सरकत नाही, एवढ्या गप्पा कशाला?’

रिचर्ड्स तसं म्हणाला नाही, त्याला एक कारण होतं. लहानपणी वडील वारल्यावर त्याने डेट्रॉइटमध्ये न्हाव्याच्या दुकानात काम केलं होतं. ही माणसं आपण तिथे शनिवारी ऐकलेली आहेत, असं तो पुढे सांगत असे. अशा जागी गोष्ट सांगणारा माणूस वेळ घालवत नसतो, आपली पत राखत असतो, हे त्याला कोणी समजावून द्यायला नको होतं. याचा अर्थ त्याने सगळं जसंच्या तसं ठेवलं असा नाही. विल्सनची सुरुवातीची नाटकं भलतीच लांब असत. ‘फेन्सेस’ ओनीलला चार तासांवर गेलं होतं. काटछाट भरपूर झाली. पण काय कापायचं याचा निर्णय ती बोली आतून ओळखणाऱ्या माणसाच्या सोबतीने झाला. तालमीत एका नटाने पात्राबद्दल शंका विचारली तेव्हा विल्सन तोंड उघडणार, तेवढ्यात रिचर्ड्सनेच उत्तर दिलं, आणि ते इतकं बरोबर होतं की आपण निर्धास्त झालो, ही आठवण विल्सन नेहमी सांगायचा.

रिचर्ड्सपाशी आणखी एक गोष्ट होती. १९७९पासून तो येल विद्यापीठाच्या नाट्यविद्यालयाचा अधिष्ठाता होता आणि येल रेपर्टरी थिएटरही त्याच्याच हाती होतं. म्हणून ‘मा रेनी’ १९८४च्या एप्रिलमध्ये येलच्या रंगमंचावर आणि ऑक्टोबरमध्ये ब्रॉडवेवर आलं. ‘फेन्सेस’ १९८५ साली येलला, १९८७ साली ब्रॉडवेवर. ‘द पियानो लेसन’ १९८७ साली येलला झालं, गावोगावच्या नाट्यगृहांतून फिरत आणि शेवट बदलत १९९० साली न्यूयॉर्कला पोचलं. सल्ला देणाऱ्याच्याच खिशात नाट्यगृहाची किल्ली होती.

मोजपट्टी कोणाची?

हवानात जन्मलेली नाटककार मारिया आयरीन फोर्नेस दुसऱ्या वाटेने गेली. न्यूयॉर्कच्या इन्टार या लॅटिनो नाट्यसंस्थेत तिने १९८१ साली नाटककारांची कार्यशाळा सुरू केली. सकाळी आधी शरीर सैल करणारे व्यायाम, मग डोळे मिटून एखादी जागा, एखादा माणूस मनात आणायचा, वाटल्यास त्याचं चित्र काढायचं आणि मग लिहायचं. नाटकाचा सांगाडा आधी नाही, माणूस आधी. चेरी मोरागा, मिग्डालिया क्रूझ, एदुआर्दो माचादो तिथे घडले. तिथल्याच निलो क्रूझला २००३ साली ‘अ‍ॅना इन द ट्रॉपिक्स’साठी नाटकाचं पुलित्झर मिळालं, लॅटिनो नाटककाराला ते पहिल्यांदाच मिळत होतं.

नृत्यदिग्दर्शिका लिझ लर्मनने १९९०च्या सुमारास बांधलेली प्रतिसादाची पद्धत आज अनेक ड्रामाटर्ग वापरतात. तिच्या पायऱ्या चार: कामात काय भिडलं ते सांगा, मग कलावंत प्रश्न विचारेल, मग तुम्ही प्रश्न विचारा, पण त्यात मत दडवू नका, आणि मत द्यायचंच तर त्याची परवानगी घ्या. ‘हा शब्द प्रेक्षकांना कळायचा नाही’ असं होतकरू लेखिकेला ऐकवणं सोपं असतं. ‘हा शब्द कोणाला कळावा असं तुला वाटतं?’ असं विचारलं, की नाटक कोणासाठी आहे याचा निर्णय तिच्याकडे राहतो. गौरेतर लेखकाच्या बाबतीत हा फरक मोठा, कारण ‘प्रेक्षक’ म्हणजे तिकीट परवडणारे गोरे मध्यमवर्गीय, हे सल्ला देणाऱ्याने मनात आधीच धरलेलं असतं.

सहासष्टांत एक

पद्धत कितीही सुबक असली तरी तिची मर्यादा खुद्द विल्सननेच दाखवली. जून १९९६मध्ये प्रिन्स्टनच्या नाट्यपरिषदेत त्याने जमलेल्यांना सुनावलं की देशातल्या सहासष्ट मोठ्या प्रादेशिक नाट्यसंस्थांपैकी कृष्णवर्णीयांची म्हणावी अशी एकच आहे. समीक्षक रॉबर्ट ब्रस्टीनशी यावरून जुंपली आणि १९९७च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये दोघांचा जाहीर सामना झाला. २००९ साली टॉड लंडनच्या ‘आउटरेजियस फॉर्च्यून’ या पुस्तकात दुखण्याची दुसरी बाजू आली: वाचनं होतात, चर्चा झडतात, ‘विकास’ चालूच राहतो, प्रयोग काही होत नाही. २०२०च्या जूनमध्ये गौरेतर रंगकर्मींनी गोऱ्या नाट्यसंस्थांना जाहीर जाब विचारला, त्यामागे ही सगळी साठलेली चीड होती.

मराठी वाचकाला यातलं बरंच ओळखीचं वाटेल. पुण्याच्या थिएटर अकॅडमीने १९८५ ते १९९४ या काळात सतीश आळेकरांच्या पुढाकाराने आणि फोर्ड फाउंडेशनच्या मदतीने नाटककारांसाठी योजना राबवली, तेव्हा जोडीला प्रादेशिक नाट्यसंस्था बळकट करण्याचीही योजना होती. नाटककार घडवायचा तर त्याचं नाटक करणारी संस्थाही उभी राहायला हवी, ही जाण त्यात दिसते.

विल्सनच्या अखेरच्या ‘रेडिओ गोल्फ’च्या वेळी येलमध्ये त्याच्या हाताखाली काम करणारा टॅरेल आल्विन मॅक्रेनी हा विद्यार्थी पुढे त्याच विद्यालयात नाट्यलेखन विभागाचा प्रमुख झाला. ही साखळी टिकली, कारण प्रत्येक कडीला जागा, तालीम आणि निर्णयाचा अधिकार मिळत गेला. नव्या नाटककारांसाठी निघणाऱ्या कोणत्याही योजनेचा कस इथेच लागतो. संहिता कोण वाचणार, कोणाच्या मोजपट्टीने वाचणार, हे प्रश्न होतेच. पण वाचनाचं आमंत्रण देणाऱ्याला नाटककाराने सर्वांत आधी विचारावं ते हे, की प्रयोगाची तारीख कोणती.