जळण सरतं तेव्हा

भूम तालुक्यात खव्याच्या भट्टीपाशी तासभर बसलं की एक गोष्ट कुणी शिकवावी लागत नाही. जळण सरत आलं की जाळ बसतो, कढईतली उकळी मंदावते आणि उलथणं फिरवणारा ओरडतो, “सार की रं लाकूड आत!” ताऱ्यांबद्दल बोलतानाही आपल्या मनात हीच भट्टी असते. इंधन संपलं, तारा विझला. प्रकार मात्र नेमका उलटा आहे. गाभ्यातलं जळण सरलं की तारा आतून आणखी तापतो.

कारण तारा म्हणजे स्वतःच्याच वजनाखाली दबलेला वायूचा गोळा. सूर्याच्या केंद्राशी दीड कोटी अंश तापमान आहे. तिथे सेकंदाला सुमारे 60 कोटी टन हायड्रोजनचा हेलियम होतो आणि त्यातलं 40 लाख टन वस्तुमान ऊर्जा होऊन बाहेर पडतं. ही आच वरचं ओझं तोलून धरते. साडेचारशे कोटी वर्षं हे चाललं आहे, अजून पाचशे कोटींची बेगमी आहे. पण हेलियम ही या चुलीची राख, आणि ती काढून टाकायला कुणी नाही. गाभ्यात नुसती राख उरली की ओझ्याची सरशी होते. गाभा आकसतो, आणि सायकलच्या पंपात हवा दाबली की नळी तापते तसा तापतो. त्या धगीने राखेभोवतीच्या थरातला हायड्रोजन पूर्वीपेक्षा जोरात पेटतो. बाहेरची आवरणं फुगतात, फुगून निवतात, लाल दिसू लागतात. आत भडका, बाहेर लाली. पुढे गाभा 10 कोटी अंशांवर गेला की राखच पेट घेते. हेलियमचा कार्बन होऊ लागतो.

हे बघायला दुर्बीण लागत नाही. लक्ष्मीपूजनाच्या अमावास्येला, फटाक्यांचा धूर बसल्यावर, रात्री दहाच्या पुढे पूर्वेला बघा. वर तांबूस रोहिणी: 65 प्रकाशवर्षांवर, सूर्याच्या चाळीसेक पट रुंद. तिच्या गाभ्यातला हायड्रोजन केव्हाच संपला. खाली मृगाच्या खांद्याशी काक्षी, ती तर महाराक्षसीच. रब्बीची वीज आमच्याकडे रात्रीची येते, त्यामुळे ज्वारीला दारं धरताना मृगाशी ओळख आपोआप होते. 2020च्या जानेवारी-फेब्रुवारीत काक्षी रोहिणीपेक्षा फिकी पडली, मृगाच्या दुसऱ्या खांद्याच्या ताऱ्याइतकी. आता फुटणार, अशी बातम्यांत हाकाटी झाली. पुढे कळलं की तिने बाहेर फेकलेल्या वायूची धूळ होऊन तीच आडवी आली होती. ती फुटेल, पण लाखभर वर्षांच्या हिशेबात. तेवढ्यासाठी रात्र जागवू नये.

काक्षीसारख्या वजनदार ताऱ्यांची उधळपट्टी थक्क करते. सूर्याच्या पंचवीसपट ताऱ्याला हायड्रोजन सुमारे 70 लाख वर्षं पुरतो, हेलियम 7 लाख, कार्बन काही शतकं, निऑन वर्षभर, ऑक्सिजन काही महिने, सिलिकॉन जेमतेम एक दिवस. प्रत्येक जळण आधीच्यापेक्षा जास्त आच मागतं आणि कमी टिकतं. शेवटी लोखंड उरतं. ते जाळून काही पदरात पडत नाही, उलट घालावंच लागतं. मग गाभा सेकंदाच्या आत कोसळतो.

सूर्याचं असं होणार नाही. त्याचा पृथ्वीएवढा श्वेत बटू उरेल, व्याधाच्या सोबत्यासारखा. त्या सोबत्याला 1862 साली दुर्बिणीतून प्रथम पाहिलं गेलं. असा बटू सूर्याच्या साधारण 1.4 पटीपलीकडे वजन पेलू शकत नाही, हे गणित चंद्रशेखरांनी विशीत, इंग्लंडच्या बोटीवर मांडायला घेतलं. त्याहून जड गाभ्याचा न्यूट्रॉन तारा होतो. असाच एक, सेकंदाला 642 गिरक्या घेणारा, 1982 साली सापडला. शोधणाऱ्यांत कुरुंदवाडला जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी होते. मेलेल्या ताऱ्याला शेजाऱ्याच्या वायूने पुन्हा गरगरवलं होतं. ज्याने जाळ कधी धरलाच नाही अशा तपकिरी बटूचा 1995 सालचा शोधही कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचाच.

सूर्याच्या हेलियमची एक आठवण आमच्याही भागात आहे. आमच्या परंड्याच्या थेट पश्चिमेला, करमाळा तालुक्यात जेऊर आहे. 22 जानेवारी 1898 रोजी तिथे खग्रास सूर्यग्रहण लागलं. पुण्याहून प्राध्यापक कावसजी नायगमवाला सरंजाम घेऊन गेले होते, अमेरिकेच्या लिक वेधशाळेची तुकडीही होती. हाताशी मिनिटं दोन. सूर्याच्या कडेवरची हेलियमची पिवळी रेघ तोवर वेधकऱ्यांच्या ओळखीची झाली होती. हाच वायू या चुलीची राख, हे मात्र तेव्हा कुणाच्या गावी नव्हतं. (कडेवरचा हेलियम बहुतेक विश्वारंभीचाच, गाभ्यातला नव्हे. पण वायू तोच.) सूर्य आकसतो आणि आकसण्यातून तापतो, हे केल्विनसारख्या भौतिकशास्त्रज्ञांचं तेव्हाचं मत. हायड्रोजनचा हेलियम होत असावा, हे एडिंग्टनने 1920 साली सुचवलं आणि केल्विनचं गणित अडगळीत गेलं. आजच्या सूर्याला ते लागू नाहीच. पण पाचशे कोटी वर्षांनी जळण सरेल, तेव्हा त्याचा गाभा तापेल तो केल्विनच्याच गणिताने.