तीन बोटं

दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस नागपूरच्या इतवारीत माणूस चालत नाही, ढकलला जातो. शहीद चौकातून शिरलं की मागच्यांच्या रेट्यानं आपण आपोआप किराणा ओळीत येऊन पडतो. त्याच दिवसांत मी काकांच्या दुकानात हिशेबाला बसतो. गेल्या वर्षी धनत्रयोदशीच्या आदल्या दुपारी समोरच्या गाडीवरून गुपचूपची, म्हणजे पाणीपुरीची, प्लेट आली आणि पहिलंच गुपचूप ओठांशी अडलं. तोंड उघडेना. जोर लावला तर उजव्या कानापुढं ‘कट्’ वाजलं आणि कानशिलापर्यंत कळ गेली.

पोती उतरवायला आलेला हमाल बघत होता. तो हसला, पण त्याचंही हसू अर्धंच उघडलं. “माह्यं त वर्षापासून असंच हाये, भाऊ. कटिंगच्या दुकानात गाल चोळून घेतो तेलानं. तुमीबी घ्या, मोकळं होते.”

माझी मावसबहीण फिजिओथेरपिस्ट आहे. दिवाळीनंतर आम्ही दोघंही तिच्यापुढं जाऊन बसलो. तिनं यंत्र काढलं नाही, फोटो काढायला सांगितलं नाही. म्हणाली, “आपापली बोटं घाला तोंडात.” तर्जनी, मधलं आणि अनामिका, एकावर एक उभी धरून पुढच्या दातांमध्ये. मोठ्या माणसाचं तोंड साधारण 35 ते 50 मिलिमीटर उघडतं, म्हणजे ज्याच्या त्याच्या हाताची तीन बोटं. माझी दोन गेली, तिसरं अडलं. तिनं हातमोजा घालून अंगठा माझ्या गालाच्या आत ठेवला, बाहेरून दोन बोटांनी तोच गाल धरला आणि हळूहळू दाबत राहिली. डोळ्यांत पाणी आलं. पाचेक मिनिटांनी तिसरं बोटही गेलं. हमालाचं दीड बोट गेलं होतं. त्याच्या गालात तिनं बोट फिरवलं, थांबली, आणि हात काढून घेतला. “तुझा स्नायू धरलाय,” ती मला म्हणाली. त्याला म्हणाली, “भाऊ, तुमचं मालिशीनं नाही सुटणार.”

बाहेरून दोघांचं दुखणं सारखंच दिसत होतं. ‘जबडा आखडला’ या एका शब्दात आपण दोन वेगळे आजार कोंबतो आणि दोघांवर एकच तेल चोळतो.

आधी माझं सांगतो, कारण ते सोपं आहे. कानाच्या पाकळीपुढं बोट ठेवून तोंड उघडझाप करा, काहीतरी सरकताना लागेल. तो जबड्याचा सांधा. गुडघा किंवा कोपर यांच्यासारखा तो नुसता बिजागरीवर फिरत नाही. तोंड थोडं उघडेपर्यंत फिरतो आणि पुढं उघडताना आपल्या खोबणीतून खाली-पुढं घसरतो. मध्ये एक चिवट चकती असते, तीही त्याच्याबरोबर सरकते. चकतीची चाल चुकली की ‘कट्’ वाजतं. नुसत्या आवाजाला घाबरायचं कारण नाही, तो पुष्कळांना येतो. दुखणं किंवा अडकणं सोबत आलं तरच तो प्रश्न.

हा सांधा चालवणारे मुख्य स्नायू दोन्ही बाजूंना चार-चार. गालाच्या हाडापासून जबड्याच्या कोपऱ्यापर्यंत जाणारा मॅसेटर, कानशिलावर पंख्यासारखा पसरलेला टेम्पोरालिस, आणि आत दडलेले दोन. दात करकचून दाबा. गालावर जी गाठ उठते ती मॅसेटर, कानशिलावर जे हलतं ते टेम्पोरालिस. म्हणून जबडा धरतो तेव्हा ‘डोकं दुखते’ म्हणून गोळी घेतली जाते, दाढेत कळ येते म्हणून दंतवैद्य गाठला जातो, कानात दडे बसतात म्हणून कानाचा डॉक्टर. सेंट लुईस इथल्या जेम्स कॉस्टेन या कान-नाक-घसा तज्ज्ञानं 1934 साली हा सगळा गोतावळा एकत्र मांडला. त्याचं कारण मात्र त्यानं दाढा पडून जबडे जवळ येण्यात शोधलं आणि पुढची कित्येक वर्षं दुखणं स्नायूचं, दुरुस्ती दातांची, असं चाललं.

खरं तर स्वस्थ माणसाचे दात दिवसभर एकमेकांना लागतच नाहीत. घास चावताना, गिळताना तेवढे लागतात, एरवी ओठ मिटलेले आणि दात सुटे. मी हिशेब करताना दात आवळतो हे मला चाळीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. दोन दिवसांनी सराफा ओळीत एका कारागिराकडे गेलो तर तो तेच करत होता. मान खाली, डोळा टाक्यावर, श्वास रोखलेला आणि जबडा आवळलेला. डाख देताना फुंकणी घेतो तेव्हा गाल फुगतात, तेवढीच त्याच्या चेहऱ्याला सुट्टी. मान पुढं झुकली की खालचा जबडा मागं ओढला जातो आणि त्याला धरून ठेवायला स्नायू ताणून राहतात. मोबाइल बघणाऱ्या पोरांचंही हेच होतं, त्यांच्याकडं निदान दागिना तरी तयार होत नाही.

अशा दुखण्यात हाताचा उपयोग होतो. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’नं 2023 च्या डिसेंबरात जबड्याच्या जुनाट दुखण्यासाठी मार्गदर्शक सूचना छापल्या. तज्ज्ञाच्या हातानं सांधा हलवून घेणं, स्नायूतल्या दुखऱ्या गाठी दाबून सोडवणं, देखरेखीखाली जबड्याचे आणि मानेचे व्यायाम, ताण हाताळायला शिकवणारे मानसोपचार, यांची तिथं जोरदार शिफारस आहे. कायमचा बदल घडवणाऱ्या दंतपट्ट्या आणि सांध्यातली चकती काढून टाकणं यांच्या विरोधात तितकाच जोरदार सल्ला आहे. या दुखऱ्या गाठींचा नकाशा काढला तो जॅनेट ट्रॅव्हेल आणि डेव्हिड सायमन्स यांनी. ट्रॅव्हेलबाई राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या डॉक्टर. मॅसेटरमधली गाठ दाढेत दुखते आणि टेम्पोरालिसमधली वरच्या दातांत, हे त्यांच्या चित्रांत दिसतं. गाठी नेमक्या कशानं होतात यावर अजून वाद आहे. दाबल्यावर बरं वाटतं यावर फारसा नाही.

बहिणीनं मला घरी करायला दिलं ते असं. दहा मिनिटं गरम पाण्यात पिळलेला पंचा दोन्ही गालांवर. मग जिभेचं टोक वरच्या पुढच्या दातांमागं टेकवायचं, दात सुटे ठेवायचे. दोन बोटं गालाच्या हाडाखाली ठेवून दुखरी जागा सापडली की तिथंच थांबायचं. रगडायचं नाही. पिकलेला आंबा चाचपतो तेवढाच दाब, दहा-पंधरा सेकंद, दुखणं विरघळल्यासारखं वाटेपर्यंत. नंतर बोटं हळू जबड्याच्या कोपऱ्याकडं ओढत न्यायची. कानशिलावर बोटांच्या पेरांनी छोटी वर्तुळं. मानेच्या मागं कवटीच्या कडेला अंगठे. मानेच्या बाजूला, जिथं नाडी उडते तिथं, हात लावायचा नाही. दिवसातून दोनदा, पाच मिनिटांच्या वर नाही. गालाच्या आतून दाबायचं काम तिनं स्वतःकडं ठेवलं. पण तिचा मुख्य उपचार हा नव्हताच. तिनं माझ्या गल्ल्यावर लाल टिकली चिकटवली. ती दिसली की दात सोडायचे. पहिल्या दिवशी मी साठ-सत्तर वेळा सोडले असतील.

आता हमालाचं. त्याच्या खिशात पन्नी होती, आपल्या भागात कुणाच्या नसते? बारीक केलेली सुपारी, सुगंधी तंबाखू, चुना, आणि पन्नीत घालून हातानं घोट घोट घोटलेलं ते मिश्रण, म्हणजे खर्रा. महाराष्ट्रानं 2012 साली गुटखा-पानमसाल्यावर बंदी घातली, पुढच्या वर्षी सुगंधित तंबाखू आणि सुपारीही बंदीत आली. पाटी बदलली, घोटणं थांबलं नाही. मालिश करणाऱ्याच्या अंगठ्यापेक्षा ठेल्यावरच्या माणसाचा अंगठा आपल्या शहरात कितीतरी जास्त चालतो.

लोक तंबाखूला दोष देतात, तो आहेच. पण तोंड बंद करणारी खरी गुन्हेगार सुपारी. तिच्यातलं अरेकोलिन गालाच्या अस्तराखालच्या पेशींना जास्त धागे विणायला लावतं, तिच्यातलं तांबं ते धागे एकमेकांत घट्ट गुंफायला मदत करतं, आणि जुने धागे तोडायचं शरीराचं काम मंदावतं. विणकर वस्तीच्या शेजारी वाढलेल्यांना ही उपमा पटावी : ताणा चढतच जातो, कापड उतरतच नाही. गाल पांढरा पडतो, आत दोऱ्या लागतात. 1952 मध्ये श्वार्ट्झ यांनी पूर्व आफ्रिकेतल्या पाच भारतीय स्त्रियांमध्ये हा विकार नोंदवला. पुढच्याच वर्षी मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशींनी त्याला नाव दिलं, तेच थोड्या फरकानं आज जगभर चालतं : सबम्युकस फायब्रोसिस. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं 2004 मध्ये सुपारीला, तंबाखू नसली तरी, माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. पूजेच्या ताटातली ती सुपारीच ही, म्हणून तिच्याबद्दल वाईट बोलायला आपली जीभ वळत नाही.

पहिलं लक्षण तोंड न उघडण्याचं नसतंच. सावजीचा रस्सा ओरपणारा माणूस एक दिवस साध्या वरणालाही हाऽ हूऽ करू लागतो. तिखट झोंबतं म्हणून तो तर्री बंद करतो, खर्रा चालू ठेवतो. मग गुपचूप अडतं, मग शिट्टी वाजत नाही, गाल फुगवता येत नाहीत, जीभ पुरती बाहेर येत नाही. दातांमधलं अंतर 15 मिलिमीटरच्या खाली गेलं की दंतवैद्याला आत आरसाही धड घालता येत नाही. या अस्तरात कर्करोग उगवू शकतो, आणि तो बघायला तोंड उघडत नाही.

हे चोळून का सुटत नाही, ते आता कळेल. स्नायू आखडतो, तेव्हा तो सैल होऊ शकतो. इथं धागाच नवा विणला गेलाय. रोज सतत सुपारी चघळून हमालाचा मॅसेटरही फुगला होता, म्हणून तेल लावल्यावर घटकाभर बरं वाटे आणि त्या घटकेच्या भरवशावर त्यानं वर्ष काढलं. त्याला बहिणीनं मेडिकल कॉलेजच्या आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयात पाठवलं. तिथं गालात इंजेक्शनं सुरू झाली आणि घरी करायला व्यायाम मिळाला. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकीवर एक रचून दातांमध्ये धरायच्या, आठवड्याला एखादी वाढवायची. दोऱ्या कापायचं ऑपरेशन केलं तरी नंतर महिनोन् महिने हाच व्यायाम, नाही तर कापलेलं पुन्हा जुळतं. आणि खर्रा बंद, त्याशिवाय सगळं फुकट.

आपल्या जुन्या वैद्यांना जबडा चांगला ठाऊक होता. वाग्भटानं जबडा निसटण्याची कारणं सांगताना जीभ फार खरवडणं आणि मार लागणं यांच्या जोडीला कोरडं चावणं दिलंय. खर्ऱ्याच्या ठेल्यावर लावावं असं वाक्य! चरकात तर तोंड उघडंच राहिलेल्या माणसाला काय करायचं तेही आहे : आधी शेक द्या, मग अंगठ्यांनी जबडा खाली दाबा आणि बोटांनी हनुवटी वर उचला. ग्रीसच्या हिप्पोक्रॅटिसच्या नावावरच्या ग्रंथातही याच धर्तीची युक्ती सापडते, आणि आजही जांभई देताना निसटलेला जबडा घेऊन कुणी मेयो रुग्णालयात रात्री पोचला तर डॉक्टर अंगठ्यांना पट्टी गुंडाळून थेट हेच करतात. पट्टी एवढ्यासाठी की जबडा बसताना दात कचकन मिटतात. नरकचतुर्दशीला आई तेल लावायची तेव्हा कानामागं आणि कानशिलावर तिचा हात जास्त वेळ थांबायचा. तिनं वाग्भट वाचला नव्हता, पण डोकं, कान आणि पाय यांना तेल विशेष लावावं असं तोही म्हणतो.

कटिंगच्या दुकानाबद्दल एकच सांगतो. चंपी खुशाल करून घ्या. शेवटी मान दोन्ही हातांत धरून तो झटका देतो ना, तो घेऊ नका. मेंदूकडं जाणाऱ्या रक्तवाहिनीला अशा झटक्यानं इजा होऊ शकते. आणि चेहऱ्याचं काही दुखणं असं असतं की त्याला हातच लावू नये. वारा लागला, दाढी केली, पाणी प्यायलो तरी विजेसारखी कळ मारते ते चेहऱ्याच्या नसेचं दुखणं, त्याला न्यूरॉलॉजिस्ट हवा. सूज आणि ताप असेल तर दाढेत पू असेल. पन्नाशीनंतर कानशील दुखतं, चावताना जबडा थकतो आणि दिसायला अंधुक होतं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, डोळे जाऊ शकतात. चढ चढताना जबडा दुखतो, घाम येतो, छाती भरते, तेव्हा तर जबड्याचा विचारच सोडा आणि थेट दवाखान्यात जा.

यंदा पाडव्याला इतवारीत मारबतींचे पुतळे निघाले. पोळ्याचा पाडवा, दिवाळीचा नव्हे. नेहरू पुतळ्याजवळ काळी आणि पिवळी समोरासमोर आल्या, गर्दीनं रोगराई घेऊन जा म्हणून आरोळी ठोकली. आरोळी ठोकणाऱ्या कित्येकांच्या गालात खर्रा होता. त्यात आमचा हमाल दिसला. गोंगाटात बोलणं ऐकू येईना, तर त्यानं लांबूनच हात वर केला, दोन बोटं दाखवली, आणि मग तिसरं, पण अर्ध्यातच वाकवलेलं.