'एक्स्क्विझिटली' म्हणजे नक्की काय? इंग्रजी वाक्यात हा शब्द कसा वापरायचा?

पाऊस सुरू झाला की वाशिंद, आसनगाव, शहापूर भागातले फोटो सोशल मीडियावर दिसू लागतात. हिरवी भातखाचरं, भातसा नदी आणि मागे ढगांत बुडालेले माहुलीचे सुळके. फोटोखाली कुणीतरी लिहितं, 'सो एक्स्क्विझिट ब्युटीफुल!' भावना पोहोचते, पण वाक्य चुकलेलं असतं. इथे 'एक्स्क्विझिटली ब्युटीफुल' हवं होतं. शेवटच्या 'ली'ने असा काय फरक पडतो, ते समजून घेऊया.

शब्द आला कुठून?

या शब्दाचं मूळ लॅटिन भाषेत आहे. 'एक्स' म्हणजे बाहेर आणि 'क्वेरेरे' म्हणजे शोधणे. म्हणजे मूळ अर्थ झाला, शोधून, निवडून काढलेलं. त्यातून 'एक्स्क्विझिट' हे विशेषण तयार झालं. अर्थ : अतिशय नाजूक, देखणं, बारकाईने घडवलेलं. त्याला 'ली' जोडला की 'एक्स्क्विझिटली' हे क्रियाविशेषण तयार होतं. स्पेलिंग लिहिताना 'एक्स'नंतर 'क्यू' आणि 'यू' ही अक्षरं येतात, हे लक्षात ठेवा.

आपली चूक का होते?

कारण आपण मराठीत विचार करतो. 'सुंदर मंदिर' आणि 'सुंदर कोरलेलं मंदिर' या दोन्ही ठिकाणी मराठीत 'सुंदर' हा शब्द जसाच्या तसा राहतो. इंग्रजीत तसं चालत नाही. नामाबद्दल सांगायचं तर 'एक्स्क्विझिट', आणि क्रियापदाबद्दल किंवा दुसऱ्या विशेषणाबद्दल सांगायचं तर 'एक्स्क्विझिटली'.

वाक्यात कसा वापरायचा?

१. कारागिरी सांगताना. वाशिंदहून कल्याणला येऊन लोकल बदलली की अंबरनाथला जाता येतं. तिथलं शिवमंदिर शिलाहार काळातलं आहे आणि तिथल्या शिलालेखावर शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० हे साल आहे. मंदिराच्या भिंती शिल्पांनी भरलेल्या आहेत. त्याबद्दल लिहा : 'द टेंपल इज एक्स्क्विझिटली कार्व्ड.' येवल्याच्या पैठणीच्या पदरावरचे मोर पाहून लिहा : 'द पैठणी इज एक्स्क्विझिटली वोव्हन.'

२. विशेषणाच्या आधी. 'द मॉर्निंग वॉज एक्स्क्विझिटली काम.' म्हणजे सकाळ इतकी शांत होती, की ती शांतताही नाजूक वाटावी.

३. क्रियापदासोबत. 'शी प्लेड द फ्लूट एक्स्क्विझिटली.' ती बासरी अप्रतिम वाजवली. इथे आधी 'फ्लूट' आणि मग आपला शब्द. 'शी प्लेड एक्स्क्विझिटली द फ्लूट' असं लिहू नका.

सगळीकडे चालतो का?

नाही. 'एक्स्ट्रीमली' म्हणजे नुसतं 'अतिशय'. ते ऊन, गर्दी, महागाई कशालाही लागतं. 'एक्स्क्विझिटली'मध्ये तीव्रतेबरोबर नाजूकपणाही असतो. म्हणून 'लोकलला एक्स्क्विझिटली गर्दी होती' असं कुणी लिहिलं, तर ती थट्टाच वाटेल. माहुलीच्या रांगड्या सुळक्यांनाही हा शब्द शोभत नाही, त्यांना 'मॅजेस्टिक' म्हणा. पण भाताच्या पात्यावरचा दवाचा थेंब किंवा कोळ्याच्या जाळ्यात अडकलेलं पावसाचं पाणी असेल, तर हा शब्द जरूर वापरा.

याच्या आधी 'व्हेरी' लावायची गरज नाही. 'अतिशय' हा अर्थ शब्दातच आहे.

हाच शब्द वेदनेसाठीही!

हा भाग नीट वाचा, कारण इथला गैरसमज महागात पडू शकतो. पाय सुजला म्हणून तुम्ही घरातल्या कुणाला डॉक्टरांकडे नेलंत आणि कागदावर लिहिलेलं दिसलं, 'जॉइंट इज एक्स्क्विझिटली टेंडर.' शब्दशः अर्थ लावला तर वाटेल, सांधा 'अतिशय कोमल' आहे, म्हणजे काळजीचं काही नाही. प्रत्यक्षात अर्थ अगदी उलटा आहे. वैद्यकीय भाषेत 'टेंडर' म्हणजे दाबल्यावर दुखणारा. 'एक्स्क्विझिटली टेंडर' म्हणजे नुसता हात लागला तरी असह्य कळ येणारा. गाउटमध्ये सुजलेल्या सांध्याचं वर्णन डॉक्टर याच शब्दांत करतात. त्यामुळे असे शब्द दिसले तर स्वतः अर्थ लावत बसू नका, डॉक्टरांना विचारा.

सौंदर्य आणि वेदना यांना एकच शब्द कसा, असं वाटलं ना? मग मराठीकडे बघा. आपण 'जीवघेणं सौंदर्य' म्हणतो आणि 'जीवघेणी कळ'ही म्हणतो. दोन्ही वेळा सांगायचं एकच असतं : ही जाणीव इतकी तीव्र आहे, की थेट आत जाऊन भिडते. 'एक्स्क्विझिटली'चंही तसंच आहे.

थोडक्यात लक्षात ठेवा

नामाआधी 'एक्स्क्विझिट', विशेषणाआधी किंवा क्रियापदासोबत 'एक्स्क्विझिटली'. नाजूक, बारीक, मनाला भिडणाऱ्या गोष्टींसाठीच तो वापरा. आणि रोज प्रत्येक फोटोखाली लिहू नका. निवडून काढलेलं हा त्याचा मूळ अर्थ आहे, तेव्हा फोटोही तसाच निवडा.

आता सराव म्हणून तुमच्या मोबाइलमधला एक फोटो उघडा आणि त्याच्याखाली या शब्दाचं एक वाक्य लिहून पाहा. लिहून झालं की शेवटी 'ली' आहे ना, तेवढं तपासा!